मोजे घालून बोरनहाण

माझा मुलगा टाचांवर चालायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं, तो पेंग्विनची नक्कल करतोय. शाळेत त्यांना बर्फातले प्राणी शिकवत होते आणि चार वर्षांच्या मुलाच्या अंगात कधी काय संचारेल ते सांगता येत नाही. नवऱ्याने व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून हसऱ्या चेहऱ्यांची माळ लागली. मुलगा मात्र हसत नव्हता. तो तसाच फ्रिजपर्यंत गेला, पाण्याची बाटली घेतली आणि परत येताना त्याने भिंत धरली.

"काय रे, पाय दुखतोय?"

"इट्स इचिंग. अँड देन इट्स पेनिंग," तो म्हणाला. आम्ही मराठीत विचारतो, इथली, दुबईतली मुलं इंग्रजीत उत्तर देतात, त्याचं आता कोणाला काही वाटत नाही.

मी त्याला सोफ्यावर बसवलं आणि पाऊल मांडीवर घेतलं. डाव्या अंगठ्याच्या नखाशेजारी एक पांढरट गाठ आली होती, शिजलेल्या वाटाण्याएवढी, आणि तिच्या बरोबर मधोमध मोहरीच्या दाण्यासारखा काळा ठिपका. भोवतीची कातडी लाल आणि ताणलेली. करंगळीच्या बुडाशी तसाच आणखी एक फोड, जरा लहान. मी बोट लावलं की तो पाय ओढून घ्यायचा आणि मग स्वतःच खाजवत बसायचा. आदल्या काही रात्री तो झोपेत पाय गादीवर घासत होता. मी डास समजून मशीन लावत होते.

आम्ही नुकतेच युगांडाहून परत आलो होतो. माझा दादा तिकडे एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्या सांगलीकडची कितीतरी मुलं अशी आफ्रिकेतल्या कारखान्यांत पांगली आहेत. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्या बंगल्यावर राहिलो. पुढे लॉन, मागे मजुरांच्या खोल्या आणि त्यांच्या शेळ्यांचा गोठा. गोठ्याभोवतीची माती कोरडी, भुसभुशीत, जवळजवळ वाळूच. दादाची मुलं घराबाहेर बुटांशिवाय पाऊल टाकत नसत. माझा मुलगा टाइल्सवर वाढलेला; त्याने पहिल्याच दिवशी चपला भिरकावल्या आणि तो शेळ्यांच्या मागे पळाला. मला बरं वाटलं. मुलांनी मातीत खेळावं असं सगळ्याच आया म्हणतात, मी खेळू दिलं इतकंच.

गोठ्यापाशी मजुरांची मुलं असायची. त्यांतली दोन-तीन विचित्र चालायची, पावलाची पुढची बाजू जमिनीला न टेकवता. मी दादाला विचारलंही होतं, "ही पोरं अशी का रे चालतात?"

"त्यांना सवयच असते तशी," दादा म्हणाला आणि त्याने वहिनीला आणखी चहा टाकायला सांगितलं.

मी ते वाक्य आजवर विसरलेले नाही. पण त्याच्याकडे नंतर येते.

आमच्या भागातल्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने मुलाच्या पायाकडे जेमतेम पाहिलं आणि चामखीळ आहे म्हणून सांगितलं. कीबोर्डवरून नजर न उचलता त्याने लावायला एक औषध लिहून दिलं. कुठे प्रवास केला का, हे त्याने विचारलं नाही. लोक मला नंतर म्हणाले की, तूच सांगायला हवं होतंस. मला हे ऐकलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. चामखिळीचा आणि विमानप्रवासाचा संबंध आईने लावायचा असेल, तर तो माणूस तिथे बसून काय करतो?

औषधाने काही फरक पडेना. गाठ उलट वाढली, आणि तिच्यातून पाण्यासारखं काहीतरी यायला लागलं, काळ्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखंही काही. मला किळस आली नाही, भीती वाटली. कारण आमच्याकडे मुलाचं बोरनहाण ठरलं होतं.

त्यात भिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून सांगते. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या आसपासच्या बिल्डिंगमधल्या मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. डबे, पुस्तकं, कुकरच्या रिंगा, एकमेकींची मुलं, सगळं या ग्रुपमधून इकडून तिकडे फिरतं. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या शनिवारी कोणा ना कोणाच्या घरी हळदीकुंकू असतं आणि त्यातच एखाद्या लहान मुलाचं बोरनहाण उरकतात. आदल्या वर्षी ते ताईच्या मुलीचं झालं होतं.

ताई समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. वयाने आम्हा सगळ्यांहून थोडी मोठी, म्हणून ताई. मूळची साताऱ्याची. अळूची पानं कुठे मिळतात इथपासून कुठला डॉक्टर इन्शुरन्समध्ये बसतो इथपर्यंत सगळं तिला विचारून चालायचं. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू तिने करून आणले होते. "तुझं पोर ते माझं पोर," हे तिचं ठरलेलं वाक्य. तिची मुलगी आणि माझा मुलगा खालच्या एकाच झोपाळ्यावर वाढली.

तर तिच्या मुलीच्या बोरनहाणात बोरं लुटताना माझा मुलगा मोठ्या मुलांच्या पायांत सापडला. त्याच्या हाती उसाचा एक करवा लागला, तोही कोणाचा तरी पाय पडलेला. तो भोकाड पसरून रडला. ताईने त्याला मांडीवर घेतलं, त्याचं नाक पुसलं आणि म्हणाली, "रडू नको राजा. पुढच्या वर्षी तुझं करायचं. सगळं तुझ्याच डोक्यावरून पडणार."

ताई बोलून गेली, पण मुलाने ते वर्षभर धरून ठेवलं. तान्हा असताना त्याचं बोरनहाण सासूबाईंच्या आजारपणामुळे राहिलं होतं, पुढे दर वर्षी काही ना काही आडवं आलं. पाच वर्षांपर्यंतच करायचं असतं आणि मार्चमध्ये त्याला पाच पूर्ण होणार होती. म्हणजे हे शेवटचं. त्याने शाळेच्या बसमधल्या बाईंना सांगितलं, आमच्या नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलं, खालच्या ग्रोसरीवाल्याला सांगितलं. वाढदिवसाच्या केकवर सगळेच फुंकर मारतात, पण इथे आपल्या अंगावरून पडलेलं गोळा करायला सगळे येणार, याचं त्याला भारी अप्रूप होतं. नियमही त्यानेच केले होते. "एव्हरीबडी हॅज टु ग्रॅब. नो पुशिंग. अँड नोबडी शुड गेट ओन्ली वन."

त्याला पाटावर बसता यावं म्हणून पाय लवकर बरा करायचा होता. मी पायाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. काय असेल गं हे, म्हणून विचारलं. सगळ्या धावून आल्या. कुरूप आहे, काचेचा कण असेल, नखुरडं असेल, हळद लाव, मीठ-पाण्यात पाय बुडव. ताईने सरळ फोन केला. "अगं, काटा आहे तो. आत राहिलाय. तो काळा ठिपका दिसतोय ना, तेच त्याचं टोक. आमच्याकडे रुईचा चीक लावतात. सकाळपर्यंत काटा वर येतो बघ."

"इथे कुठे मिळणार रुई?"

"इथे? अगं, सगळं वाळवंट रुईने भरलंय. अल कुद्राच्या रस्त्याला गाडी थांबव, दोन पानं तोड. यल्ला, चल, नवऱ्याला पाठव."

माझा नवरा एमबीए आहे, लॉजिस्टिक्समध्ये मॅनेजर आहे आणि मीटिंगमध्ये डेटाशिवाय बोलू नका म्हणून लोकांना दटावतो. तो ऑफिसहून परस्पर तिकडे गेला, पार्किंग लाइट लावून वाळूत उतरला आणि रुईची फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला. चीक दोन्ही फोडांवर लावला. थोड्या वेळाने मुलगा असा ओरडला की, शेजारच्या फिलिपिनो बाईने दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याभोवतीची कातडी भाजल्यासारखी सुटली होती आणि काळा ठिपका होता तिथेच होता. ताईला कळवलं तर म्हणाली, "चीक जास्त लावलात वाटतं."

मग मात्र मी कोणाला काही न विचारता मुलाला आणि नवऱ्याला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर सुदानी गृहस्थ होते. त्यांनी पाय हातात घेतला, भिंगातून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "आफ्रिकेत कुठे गेला होतात?"

मी सांगितलं. शेळ्या, वाळू, अनवाणी पाय, सगळं. ते मान हलवत राहिले. वाळूतली पिसू, ते म्हणाले. तिची मादी पायाच्या कातडीत शिरते, डोकं आत, शेपटाकडचा भाग बाहेर. तो काळा ठिपका म्हणजे तो बाहेर राहिलेला भाग. तिथूनच ती श्वास घेते आणि तिथूनच अंडी बाहेर टाकते. अंड्यांनी ती आतल्या आत फुगते म्हणून कातडी पांढरी दिसते. नखांच्या कडेला, बोटांच्या मध्ये, टाचेला, असं पायालाच जास्त होतं. खाज, आग, सूज, मग मूल पाय टेकवेनासं होतं. वेळेवर काढलं नाही किंवा घरी मळक्या सुईने टोकरलं, तर पू होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, हेही त्यांनी विचारलं. मग सुटलेल्या कातडीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे कोणी भाजलं?"

नवरा छताकडे बघायला लागला.

"बाकीच्या मुलांना लागेल का?" मी विचारलं. माझ्या डोक्यात शनिवार होता.

"नाही. माणसाकडून माणसाला होत नाही. अंडी वाळूत पडून वाढावी लागतात. तुमच्या फरशीवर काय वाढणार? आज काढतो. शाळेत जाऊ दे, खेळू दे."

त्यांनी जागा बधिर केली, निर्जंतुक सुईने कडा मोकळ्या केल्या आणि चिमट्याने दोन्ही बाहेर काढल्या. मुलगा माझ्या कुशीत तोंड खुपसून होता. झाल्यावर त्याने वळून ट्रेमधला पांढरा ठिपका पाहिला.

"वॉज शी अ मम्मी?"

"येस हबीबी. खलास. फिनिश्ड," डॉक्टर म्हणाले आणि त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली.

गाडीत बसल्या बसल्या मी दादाला फोन लावला. तो हसला. खरंच हसला. "अगं, मग त्यात काय एवढं? इथे मजुरांच्या पोरांचे पाय भरलेले असतात त्याने. काही काही तर शाळेतसुद्धा जाऊ शकत नाहीत. आमचा माळी सुईने काढून देतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? मी विचारलं होतं तुला!"

"मला काय माहीत, तू त्याला अनवाणी सोडशील म्हणून. आमची मुलं कधी जात नाहीत तिकडे."

वर्षानुवर्षं ज्या पोरांच्या डोळ्यांदेखत तो गाडीने जातो-येतो, त्यांच्या चालण्याला तो सवय म्हणतो. स्वतःच्या मुलांना मात्र बूट. माझ्या मुलाचं काय करायचं ते त्याला ठरवता आलं नसावं. मी फोन ठेवला, आणि त्यानंतर राखीपौर्णिमेलाच काय तो उचलते.

घरी आल्यावर मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. काय होतं, कुठून आलं, काढून टाकलं आहे, कोणालाही लागत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, काळजी नसावी, शनिवारी सगळ्यांनी नक्की या. नवरा म्हणाला, कशाला लिहितेस, काटा होता म्हणून सांग. मला ते पटलं नाही. ज्या बायकांनी फोटो पाहून एवढे उपाय सुचवले, त्यांना शेवट कळायला नको का?

ग्रुपवर जोडलेले हात आले. टेक केअर डिअर आलं. मग काहीच नाही. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून तासभर चालणारा ग्रुप मूग गिळून बसला. आमच्याशिवायचा दुसरा ग्रुप झाला होता, हे मला नंतर कळलं. त्यासाठी फार हुशारी लागत नाही.

संध्याकाळी मुलगा खाली खेळायला गेला, तर झोपाळे रिकामे. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी दारावर नातूर आणि त्याच्यामागे पाठीवर टाकी लावलेला पेस्ट कंट्रोलचा माणूस.

"मॅडम, ऑफिस में कम्प्लेंट आया. आपके फ्लॅट में कीडा है."

"किसने किया कम्प्लेंट?"

"वो नहीं मालूम मॅडम. सामनेवाली बिल्डिंग से," नातूर म्हणाला, आणि आपण जास्त बोललो हे लक्षात येऊन बुटांकडे पाहायला लागला.

मी त्यांना फवारू दिलं. सोफ्याखाली, पलंगाखाली, देवघराच्या फळीखालीसुद्धा. दार लावून घेतलं असतं, तर उद्या आणखी काही ऐकलं असतं. मुलगा गॅलरीत उभा राहून पाहत होता. "इज इट फॉर माय बग्ज?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही रे, झुरळांसाठी. "वी डोंट हॅव झुरळ," तो म्हणाला. खरंच नव्हती.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज मधाळ. "अगं, आम्ही येणारच आहोत हां शनिवारी. असं कसं, तुझं पोर ते माझं पोर. फक्त एक विचारू? रागावू नको. मुलं मोजे घालून आली तर चालेल ना? जस्ट सेफ साइड. एकदोघींच्या मनात आहे, म्हणून मी आपलं सगळ्यांच्या वतीने बोलते."

मला तेव्हाच म्हणायला हवं होतं की, येऊच नका. जिभेवर आलंही होतं. पण आत मुलगा पलंगावर हलव्याचे दागिने मांडून बसला होता. पुण्याहून एका ओळखीच्या बाईंनी हँड लगेजमधून, मांडीवर धरून आणलेले. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी. तो एकेकाला बोट लावून मोडत तर नाही ना ते पाहत होता.

"चालेल," मी म्हटलं.

शनिवारी मी करामाच्या बाजारातून आणलेली बोरं धुऊन पुसून ठेवली. ज्यूसवाल्याकडून ऊस घेऊन त्याचे करवे केले. चुरमुरे, शेंगा, रेवड्या, हलवा आणि त्याच्या हट्टाखातर चॉकलेटं. मुलांसाठी बटाटेवडे तळले. हॉलमध्ये नवी चादर अंथरली, मधे पाट. काळा कुर्ता घालून, अंगावर पांढरे दागिने चढवून तो बसला, पट्टीचा पाय पुढे काढून. दर दोन मिनिटांनी विचारत होता, "आर दे कमिंग?"

बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर पॅसेजमध्ये काळ्या साड्यांची रांग आणि ताई खाली वाकलेली. तिच्या हातात सुपरमार्केटचं मोज्यांचं मोठं पाकीट होतं. एकेका मुलाला उभं करून ती पांढरे शुभ्र मोजे चढवत होती. माझ्या दारात, माझ्या उंबऱ्यापाशी. मला पाहून म्हणाली, "काही काही जणी विसरल्या होत्या ना, म्हणून मी आपले एक्स्ट्रा आणले." आणि पाकीट माझ्याच शू-रॅकवर ठेवून आत आली.

मी सगळ्यांना आत घेतलं. हळदीकुंकू लावलं. तिळगूळ दिला-घेतला, सगळ्या गोड गोड बोलल्या. मुलाला ओवाळलं. मग मी भांडं उचललं आणि त्याच्या डोक्यावरून ओतलं. बोरं टपटप पडली, चुरमुरे त्याच्या मुकुटात अडकले, चॉकलेटं घरंगळत चादरीच्या कडेपर्यंत गेली. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते, हसत होता, आणि पोरांचा लोंढा अंगावर येण्याची वाट पाहत होता.

कोणी आलं नाही. मुलं भिंतीला लागून उभी होती, पांढऱ्या मोज्यांतली पावलं जुळवून. हात पाठीमागे. घरून पढवून आणलेली. एका लहानग्याने पायाशी आलेल्या चॉकलेटकडे वाकायला सुरुवात केली, तर त्याच्या आईने "नो बेटा" म्हणून त्याला मागे घेतलं.

मुलाने डोळे उघडले. त्याला वाटलं, ह्यांना नियम माहीत नाहीत. "यू हॅव टु ग्रॅब!" तो म्हणाला. "यल्ला! एव्हरीबडी!"

कोणी हललं नाही. तेव्हा तो स्वतः पाटावरून उतरला. लंगडत चादरीवर फिरून त्याने बोरं आणि चॉकलेटं कुर्त्याच्या ओच्यात गोळा केली आणि एकेकाला द्यायला लागला. प्रत्येकाला दोन, कारण नोबडी शुड गेट ओन्ली वन. मुलं आयांकडे बघायची, हात पुढे करायची नाहीत. तो ताईच्या मुलीपाशी आला. तिने हात पुढे केला. झोपाळ्यावरची मैत्रीण ती, घरून पढवलेलं विसरली असणार. ताईने तिचा हात मनगटाशी धरून हळूच खाली केला, पर्समधून टिश्यू काढला आणि बोरं त्यात घेतली. "थँक यू राजा," ती म्हणाली. "आम्ही नंतर खाऊ हां."

वडे कोणी खाल्ले नाहीत, कोणाचा उपास होता, कोणाचं पित्त. स्ट्रॉवाले ज्यूसचे पॅक संपले. वाणाचे डबे मात्र सगळ्यांनी नेले. ते पॅकबंद होते. त्या गेल्यावर मी पॅसेजमध्ये गेले, तर शू-रॅकवर टिश्यूच्या पुरचुंड्या ओळीने ठेवलेल्या. आत बोरं. शेजारी, जाताना काढून टाकलेले मोजे.

नवरा म्हणाला, "जाऊ दे. इथेच राहायचंय आपल्याला."

मी ते मोजे कचऱ्याच्या पिशवीत भरले. मुलगा दारात येऊन उभा राहिला, मुकुट कलंडलेला. "आई," तो म्हणाला. हा शब्द तो मराठीत म्हणतो. "इज इट बिकॉज ऑफ माय फूट?"

मी नाही म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. पाय पुढच्या काही दिवसांत पूर्ण बरा झाला, खूणही राहिली नाही.

ग्रुप पुन्हा सुरू झाला, कोथिंबिरीच्या जुड्याही. कोणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही वादाला गेले नाही. परक्या गावात भांडायला माणसं तरी किती असतात? पण मनातून त्या बायका माझ्यासाठी संपल्या, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मुलगा घरातही मोजे घालायला लागला होता. थंडी वाजते म्हणायचा. दुबईत, जूनमध्ये.

पुढच्या संक्रांतीला तिसऱ्या मजल्यावरच्या एका तान्ह्या मुलीचं बोरनहाण होतं. आम्हाला आग्रहाचं आमंत्रण होतं. बोरं पडली आणि सगळी मुलं अनवाणी तुटून पडली. ताईची मुलगी दोन्ही मुठी भरून ओरडली, "कम ना! टेक!"

माझा मुलगा भिंतीला लागून उभा होता. पांढरे मोजे, हात पाठीमागे. "नो थँक यू," तो म्हणाला. "आय हॅव बग्ज."

ते बहुधा मी एकटीनेच ऐकलं. ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "किती मॅनर्स आहेत गं तुझ्या मुलाला. जरा धसमुसळेपणा नाही."

मी मुलापाशी गेले. सगळ्यांसमोर खाली बसले, त्याचा पाय हातात घेतला आणि मोजा ओढून काढला. पाऊल स्वच्छ, गोरं, कोवळं. "बघ," मी म्हटलं, "काही नाहीये. काहीच नाहीये रे." माझा आवाज चढला असावा, कारण बोरं वेचणारी मुलं थांबून बघायला लागली.

त्याने माझ्या हातातून मोजा घेतला, भिंतीला टेकून घाईघाईने परत चढवला आणि पोटरीपर्यंत ओढला.

"आई, प्लीज," तो हळूच म्हणाला. "देअर आर किड्स हिअर."